कठडा लावूनही रुग्ण पडतो कसा?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे (वय ७४) येथील एका खासगी रुग्णालयात प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या रात्री खाटेचा कठडा लावलेला असतानाही ते पडले आणि त्यांचे मनगट मोडले. आता त्यांचा गुडघा बदलायचा आहे. या वेळी कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कठडा झोपेत कूस बदलताना घरंगळणाऱ्या रुग्णाला अडवतो, उठायचेच ठरवलेल्या माणसाला तो अडवू शकत नाही. असा रुग्ण कठडा ओलांडू पाहतो आणि मग खाटेपेक्षाही अधिक उंचीवरून पडतो. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीची नळी घातलेली असली, तरी तिच्या टोकाचा फुगा मूत्राशयात टोचत राहिल्याने लघवी लागल्याची भावना होते आणि गुंगीत रुग्ण उठू लागतो. नळी आहे, मग उठायचे कशाला, असे नातेवाईक धरून चालतात, ते याच ठिकाणी फसते. शिवाय लघवीची पिशवी कठड्याला अडकवलेली असेल, तर कठडा वरखाली करताना नळीला हिसका बसून मूत्रमार्गाला इजा होऊ शकते. पिशवी खाटेच्या न हलणाऱ्या चौकटीला, मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली असावी.

दाखल करतानाच ‘हे पूर्वी पडले आहेत’ असे सिस्टरना सांगून केसपेपरवर नोंद करून घ्या, कारण एकदा पडलेल्या रुग्णाला पुन्हा पडण्याचा धोका अधिक असतो. खाट शक्य तितकी खाली, चाकांचे ब्रेक लावलेले, बेल उशाशी आणि बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा, एवढे रोज संध्याकाळी स्वतः पाहावे. उठवताना प्रथम कडेला पाय सोडून थोडा वेळ बसवावे, कारण एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते. तालमीत घाम गाळलेल्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना बेल वाजवणे कमीपणाचे वाटते. त्यांची समजूत ऑपरेशनपूर्वीच घातलेली बरी.

पाठीत भूल दिल्यावर काही तास पायांना संवेदना नसते. त्या काळात प्रेमापोटीही गरम पाण्याची पिशवी लावू नये. कातडी भाजली तरी रुग्णाला कळत नाही. टाचा गादीवर दाबून राहिल्यास तेथेच जखम होते, म्हणून पोटरीखाली उशी देऊन त्या अधांतरी ठेवता येतील का, हे अस्थिरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे. बदललेल्या गुडघ्याखाली मात्र स्वतःहून उशी ठेवू नये; गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडू शकतो.