पारशी पुरुषाने बाहेर लग्न केलं तर मुलं पारशी, पण बाईने केलं तर नाहीत, असं का?

कारण समाजाची ओळख बापाकडूनच चालते असं धरलं गेलं, आणि १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या निकालात तेच उतरलं. खटला रतनजी दादाभॉय टाटा यांच्या फ्रेंच पत्नीला पारशी मानायचं का, यावरून उभा राहिला होता. न्या. दावर यांनी पारशी कोण हे सांगताना, परक्या आईची पण पारशी बापाची, रीतसर धर्मात घेतलेली मुलंही त्यात धरली. पारशी आईच्या मुलांना तशी जागा ठेवली नाही. वंश शुद्ध ठेवायचा हा अभिमान, पण त्याची किंमत एकट्या मुलींनी मोजायची, हा उघड अन्याय आहे. २०११ च्या जनगणनेत पारशी जेमतेम ५७ हजार होते; तरी लेकींची मुलं परकी! मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्या. ती व्याख्या खटल्याच्या ओघात आलेलं मत होतं, धर्माज्ञा नव्हे. आणि सगळ्या अंजुमन, म्हणजे पारशांच्या स्थानिक संस्था, सारख्या नाहीत: डिसेंबर २०१७ मध्ये वलसाडच्या ट्रस्टने सुप्रीम कोर्टापुढे, बाहेर लग्न केलेल्या एका बाईंना आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ देण्याचं मान्य केलं. मुलांच्या हक्काचा प्रश्न त्याने सुटला नाही.