रविवारी रात्री स्वतःचा निकाल लावू नकोस

पाळक म्हणून चर्चमधली उपासना आटोपून घरी आलास की डोक्यात हिशेब सुरू होतो. बाकं रिकामी होती, अमुक कुटुंब न भेटताच गेलं, संदेश, म्हणजे प्रवचन, फसला. हा हिशेब सोमवार दुपारपर्यंत ढकल. बायबलातल्या '१ राजे' पुस्तकाचा अध्याय १९ वाच. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया रानात जाऊन मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर-पाणी देतो, आणि हे दोनदा. 'मी एकटाच उरलो' या तक्रारीला उत्तर नंतर मिळतं: इस्राएलात देवाला धरून राहिलेले सात हजार शिल्लक आहेत. म्हणजे संदेष्ट्याचाही आकडा चुकला होता!

म्हणून 'सगळी मंडळी माझ्यावर नाराज आहे' असं वाटलं की नावं कागदावर लिही. बहुधा दोन-तीनच निघतात, आणि त्यातलं एखादं फक्त माइकच्या आवाजावर चिडलेलं असतं.

कशाचा विचार करावा हे सांगणारं प्रेषित पौलाचं वचन, फिलिप्पै ४:८, आपण भिंतीवर टांगतो, पण त्या यादीत पहिलं येतं ते सत्य. उगाच गोड विचार करत बसायला पौल सांगत नाही.

घरभेटी नि इस्पितळातल्या भेटी वडीलमंडळात, म्हणजे मंडळीच्या जबाबदार वडिलांत, वाटून दे. इथ्रोने जावयाला, मोशेला, हेच सुचवलं होतं (निर्गम १८). आपल्याकडे पाळकच आला पाहिजे असा हट्ट असतो, थोडी कुरकूर होईल. होऊ दे.

आणि झोप, भूक आठवडेच्या आठवडे बिघडली तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही गाठ. लाजू नकोस.