आधी खर्च लिही

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. निवृत्तीनंतर सुखानं राहायला किती उत्पन्न पुरेल, या एका प्रश्नावर तू तीन पानं लिहिलीस आणि त्यात पाच जणांचे पाच आकडे दिलेस. कुणी वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी सांगतं, कुणी ४० पट, कुणी शेवटच्या पगाराच्या ७० टक्के उत्पन्न. तुझ्या वरिष्ठांनी सांगितलेला गोल आकडा तर आणखी वेगळाच. तुझा स्वतःचा महिन्याचा खर्च किती, हे मात्र तीन पानांत कुठेही सापडलं नाही. माझी चिडचिड झाली ती त्यामुळे. तू उधळ्या नाहीस, बचत नियमित चालू आहे, म्हातारपणी कुणापुढे हात पसरायचा नाही हे तुला मनापासून वाटतं. एवढं सगळं मी धरूनच चालते. म्हणून थेट सांगते. आधी खर्च लिही. तोपर्यंत त्या पाचांपैकी एकही आकडा तुझ्या कामाचा नाही.

ते ७० टक्क्यांचंच घे. आर्थिक नियोजन करणारे हा ठोकताळा सर्रास वापरतात, ७० ते ८० टक्के म्हणतात. नोकरी संपली की कर कमी होतो, जाण्यायेण्याचा खर्च थांबतो, बचतीसाठी बाजूला काढायची रक्कमही थांबते, असा त्यामागचा हिशोब. आता दोन माणसं समोर धर. दोघांची मिळकत १००. एक ९० खर्च करतो, दुसरी ५०. कर क्षणभर बाजूला ठेवू. ७० टक्के लावले की पहिल्याला अंगवळणी पडलेल्या राहणीतून २० कापावे लागतील. दुसरीला मात्र नोकरीत असतानाही कधी खर्च केले नाहीत इतके पैसे मिळतील, आणि ते जमवण्यासाठी ती गरज नसताना कितीतरी वर्षं राबत राहील. पगार सारखा, सूत्र सारखं, आणि दोघांचंही नुकसान. कारण हिशोब मिळकतीपासून सुरू झाला.

हाच हिशोब खर्चापासून सुरू करून बघ. पुंजी वर्षाच्या खर्चाच्या २५ पट हवी असं घटकाभर मानू. ९० खर्च करणाऱ्याला २२५० लागतील आणि तो वर्षाला १० बाजूला टाकतो. व्याज धरलंच नाही तर २२५ वर्षं. ५० खर्च करणारीला १२५० लागतील आणि ती ५० टाकते: २५ वर्षं. व्याज धरलं की दोन्ही मुदती खाली येतात, पण दोघांमधली दरी राहतेच. खर्च दोन्हीकडून काम करतो, जमणारी रक्कमही तोच ठरवतो आणि लागणारी रक्कमही तोच. म्हणून म्हणते, आधी खर्च लिही.

हे २५ पट कुठून आलं तेही समजून घे, कारण तू ते ब्रह्मवाक्य असल्यासारखं लिहिलं आहेस. विल्यम बेंगेन या अमेरिकी नियोजकानं १९९४ मध्ये एक लेख लिहिला. १९२६ पासूनची तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या परताव्याची आकडेवारी घेऊन त्यानं तपासलं की पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ करत गेलं, तर पैसे ३० वर्षं पुरतात का. सगळ्यात वाईट काळात निवृत्त झालेल्यालाही ते पुरले असते, असं उत्तर आलं. १९९८ मध्ये टेक्सासच्या ट्रिनिटी विद्यापीठातल्या तीन प्राध्यापकांचा अभ्यासही साधारण तिथेच पोहोचला. १०० भागिले ४, म्हणून २५ पट. काम चोख आहे, मला त्याबद्दल आदर आहे. पण त्यातल्या अटी बघ. एका देशाचा भूतकाळ, आणि मुदत ३० वर्षं. तू पंचेचाळिसाव्या वर्षी थांबायचं म्हणतोस. ३० वर्षांनी तू पंच्याहत्तरीत असशील. त्यापुढे काय खाणार, याचं उत्तर त्या लेखात नाही.

सगळ्या बाजारांनी अमेरिकेसारखी साथ दिली असंही नाही. जपानी शेअरबाजाराचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ज्या उंचीवर होता, ती त्यानं पुन्हा ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधली ३४ वर्षं म्हणजे एका माणसाचं अख्खं निवृत्त आयुष्य.

आणखी एक गोष्ट सरासरी परताव्याच्या भाषेत दिसतच नाही. दोघांकडे १००-१०० आहेत, दोघं दरवर्षअखेर ५ काढतात. एकाला तीन वर्षांत आधी २० टक्के तोटा, मग १० टक्के नफा, मग ३० टक्के नफा मिळाला. दुसऱ्याला तेच उलट्या क्रमानं. पैसे काढलेच नसते तर दोघांचेही ११४.४ झाले असते, अगदी सारखे. काढले म्हणून पहिल्याकडे ९५.७५ उरतात आणि दुसऱ्याकडे १०१. हा फरक तीन वर्षांतला. निवृत्तीच्या सुरुवातीलाच बाजार पडला तर पडलेल्या भावात विकून खावं लागतं, आणि विकलेलं नंतरच्या तेजीत वाढायला शिल्लक नसतं. अशा वर्षी खर्च किती आवळता येईल, हे ज्याला ठाऊक आहे तो तरतो. आणि ते ठाऊक कुणाला असतं? ज्यानं लिहून ठेवलंय त्याला.

आता वही. ॲप वापरलंस तरी हरकत नाही, पण पूर्ण वर्षभर लिही. एका महिन्यावरून काही कळत नाही, कारण विम्याचे हप्ते, दुरुस्त्या, मोठे प्रवास हे सगळे ठरावीक महिन्यांतच येतात. वर्ष संपलं की प्रत्येक खर्च तीन रकान्यांत घाल. पहिल्यात नोकरीबरोबर संपणारे: रोजचं जाणंयेणं, ऑफिसचे कपडे, मुलांच्या फिया. दुसऱ्यात शेवटपर्यंत राहणारे. वॉशिंग मशीन दहा वर्षं चालेल असं धरलंस तर तिची किंमत १२० महिन्यांत वाटून दरमहा लिही. ‘तो काय एकदाच येणारा खर्च’ म्हणून सोडू नकोस, असे एकदाच येणारे खर्च ओळीनं येत राहतात. तिसऱ्या रकान्यात आज अजिबात नसलेले आणि पुढे सुरू होणारे. हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. कंपनी भरते तो आरोग्यविमा उद्या तुला भरायचाय, तोही वाढत्या वयाच्या दरानं. श्रवणयंत्र, बहुधा दोन्ही कानांना. दात. न्हाणीघरात आधाराचा दांडा. आणि सगळ्यात मोठा खर्च, सोबतीला ठेवावं लागणारं माणूस. निवृत्तीतला खर्च एका रेषेत चालत नाही. हातपाय धड असताना तो जास्त असतो, मग माणूस घरात बसायला लागला की उतरतो, आणि शेवटी औषधपाणी नि शुश्रूषा यांनी पुन्हा वर जाऊ शकतो.

या सगळ्यावर महागाई. ७२ ला महागाईच्या दरानं भाग, तितक्या वर्षांत खर्च दुप्पट होतो. ६ टक्क्यांनी १२ वर्षांत दुप्पट, २४ वर्षांत चौपट, ३६ वर्षांत आठपट. तुला ७ टक्के व्याज मिळालं आणि महागाई ६ असली, तर खरी वाढ १ टक्क्याहूनही कमी. त्यातून कर जायचा तो वेगळाच.

मी हे इतक्या हट्टानं का सांगते, तर माझे वडील निवृत्त झाले तेव्हा सगळे म्हणाले होते, यांना काही कमी नाही. त्या दिवशी खरंच नव्हतं. पेन्शन होती, पण ठरावीक रकमेची, महागाईबरोबर न वाढणारी. पुढे पुढे ते रक्तदाबाची गोळी दाढीच्या ब्लेडनं अर्धी करून घ्यायचे. डॉक्टरांनी अख्खी सांगितली होती. आईनं विचारलं तर म्हणायचे, अर्धीनंही बरं वाटतं. मी तेव्हा चांगली कमावत होते. त्यांनी माझ्याकडे मागितलं नाही, आणि मला कळलं ते फार उशिरा. ही रुखरुख गेलेली नाही, जाणारही नाही.

त्यानंतर मी वही धरली. बरोबरचे लोक मोठ्या घरांत गेले, मी होते तिथेच राहिले. मला चिक्कू म्हणाले. पुढे वहीनं ‘पुरे’ असं सांगितलं तेव्हा बढती समोर असताना मी नोकरी सोडली, तर तेच लोक मला वेडी म्हणाले. दोन्ही वेळा त्यांच्याकडे मत होतं आणि माझ्याकडे हिशोब होता. मी बरोबर होते असं मला आजही वाटतं, आणि तुला कुणी असं बोललं तर खुशाल माझं नाव सांग.

किती जगणार हे कुणालाच कळत नाही, तुझा कुठलाही तक्ता इथेच अडतो. फ्रान्समधल्या जान काल्माँ या बाईंनी १९६५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, आपला फ्लॅट एका वकिलाच्या नावे करण्याचा करार केला. त्या हयात असेपर्यंत त्यानं दरमहा ठरलेली रक्कम द्यायची. वकील १९९५ मध्ये वारला. तोवर फ्लॅटच्या किमतीच्या दुपटीहून जास्त रक्कम देऊन झाली होती. बाई गेल्या १९९७ मध्ये, वयाच्या १२२व्या वर्षी. तोवर वकिलाच्या घरचे हप्ते भरत होते. म्हणून माझं ठाम मत असं, की दुसऱ्या रकान्यातला टाळता न येणारा खर्च शक्यतो मरेपर्यंत मिळणाऱ्या उत्पन्नातून भागावा, मग ते पेन्शन असो की ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडे एकरकमी पैसे भरून मिळणारं आयुष्यभराचं उत्पन्न, आणि जमलं तर महागाईबरोबर वाढणारं. वर्षाच्या खर्चातून ते उत्पन्न वजा कर. उरेल त्याला पटीनं गुणायचं. साठीला थांबणाऱ्यानं २५ ते ३० पट धरावी. पंचेचाळिसाव्या वर्षी थांबायचं असेल तर मी ३५ च्या खाली येणार नाही. पण पट ही शेवटची पायरी आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खर्च लिहिलाच नाहीस तर गुणणार कशाला?

घराच्या हप्त्याचं तू शेवटी ओझरतं विचारलंस. तुझं कर्ज तू थांबणार त्याच्या पुढे सहा वर्षं चालणार आहे. ते थांबण्याआधी फेड. गुंतवणुकीवर कर्जाच्या व्याजाहून जास्त मिळेल असं तुझे मित्र म्हणतील, आणि सरासरीत ते खरंही ठरेल. पण पगार बंद झाल्यावर बाजार पडलेल्या वर्षी हप्ता काही कमी होत नाही, आणि पडलेल्या भावात विकून तो भरणं किती महागात पडतं हे वर पाहिलंसच. यंदाच्या वर्षाची पानं भरली की पाठव. तिसरा रकाना कोरा दिसला तर मी वही परत पाठवीन.

तुझी,
मावशी