समुद्रातले जुने सुरुंग फोडण्याआधी पॉरपॉईजना हाकलून लावले तर पुरेसे का होत नाही?

महायुद्धातले सुरुंग समुद्रतळावर फोडण्यापूर्वी मोठा आवाज करून पॉरपॉईज या डॉल्फिनसारख्या छोट्या सागरी सस्तन प्राण्यांना दूर हाकलले तर भागत नाही का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते भागत नाही.

जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यामधल्या फेमार्न बेल्ट या सामुद्रधुनीत ऑगस्ट २०१९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातले सुमारे ४० ब्रिटिश सुरुंग स्फोट करून नष्ट करण्यात आले. पुढच्या काही महिन्यांत त्या किनाऱ्यावर मृतावस्थेत सापडलेल्या २४ पॉरपॉईजची तपासणी झाली, तेव्हा १० प्राण्यांमध्ये स्फोटाच्या इजा आढळल्या: कानातली हाडे निखळलेली, आणि ज्या चरबीतून आवाज कानापर्यंत पोहोचतो तिच्यात रक्तस्राव झालेला. पॉरपॉईज प्रतिध्वनी ऐकूनच भक्ष्य शोधतो. त्यामुळे स्फोटात तो वाचला, पण बहिरा झाला, तरी त्याची उपासमार ठरलेली. मोठ्या सुरुंगामुळे कित्येक किलोमीटरवरच्या प्राण्याचीही श्रवणशक्ती जाऊ शकते आणि तेवढ्या अंतरापर्यंत प्राणी हाकलणे अवघड असते.

दुर्बीण घेऊन पाण्यावर नजर ठेवणारे निरीक्षकही नेमले जातात. मी जर्मनीतल्या कील या बंदराच्या शहरात राहते. तिथल्या धक्क्यावरून पॉरपॉईज दिसलाच तर काळसर पाठ आणि छोटा त्रिकोणी पर क्षणभर वर येतो, फुस्स असा श्वास ऐकू येतो आणि पुन्हा नुसते पाणी. जरा लाटा असल्या की तेवढेही दिसत नाही. ‘प्राणी दिसला नाही’ याचा अर्थ ‘प्राणी नाही’ असा धरणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते.

खरा उपाय आवाज उगमापाशीच कमी करण्याचा आहे. छिद्रे पाडलेली नळी सुरुंगाभोवती तळावर अंथरून तिच्यातून दाबाखालची हवा सोडली की वर चढणाऱ्या बुडबुड्यांचा पडदा स्फोटाचा बराच जोर शोषून घेतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे डिफ्लॅग्रेशन, म्हणजे छोट्या, नेमक्या माऱ्याने कवच भेदून आतले स्फोटक न फोडता जाळणे. ब्रिटनमध्ये झालेल्या मोजणीत यामुळे ध्वनीची कमाल पातळी २० डेसिबलहून अधिक घटली, म्हणजे दाब एक दशांशाहूनही कमी झाला. मात्र न जळलेली विषारी स्फोटके पाण्यात उरू शकतात, ती गोळा करावीच लागतात. जिथे सुरुंग सुरक्षितपणे उचलता येतो, तिथे तो उचलूनच न्यावा. जर्मनीतल्या ल्यूबेकच्या उपसागरात २०२४ पासून जुना दारूगोळा असा बाहेर काढण्याचे प्रयोग सुरू झाले आहेत.

स्फोट टाळताच येत नसेल, तर पडदा, हाकलणे आणि निरीक्षक हे तिन्ही उपाय एकत्र योजावेत, आणि माद्यांसोबत दूधपिती पिल्ले असतात असा उन्हाळा तरी वगळावा. फेमार्न बेल्टमधले स्फोट नेमके त्याच दिवसांत झाले होते.