बँकेत कोअर बँकिंग आणायचंय, प्लॅनिंग कसं करावं आणि जुन्या स्टाफचा विरोध कसा मोडावा?

तुम्ही लिहिलंय की नऊ शाखा जुन्या सॉफ्टवेअरवरून कोअर बँकिंगवर, म्हणजे सगळ्या शाखांच्या एकाच सिस्टिमवर, न्यायच्यात, किती महिने धरावेत, आणि शेवटी 'मीटिंगमध्ये नुसत्या अडचणी सांगणाऱ्या जुन्या स्टाफचा विरोध कसा मोडावा'. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

मी एका नागरी सहकारी बँकेत ईडीपीला, म्हणजे कॉम्प्युटर विभागात, होते. २०१२ ला आमच्याकडे हेच चाललं होतं. तोवर प्रत्येक शाखेचा सर्व्हर वेगळा, सॉफ्टवेअर फॉक्सप्रोतलं, एकच माणूस तीन शाखांत तीन स्पेलिंगने खातेदार. मुख्य शाखेत सोनेतारणच्या टेबलावर एक सीनियर क्लार्क होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. १ एप्रिल २०१० पासून सेव्हिंगचं व्याज रोजच्या शिलकीवर द्यायचा नियम आला, त्याआधी १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर असायचं, तेव्हा अण्णांनी पन्नासेक खात्यांचं व्याज हाताने काढून सॉफ्टवेअरची चूक पकडून दिली होती. कॉम्प्युटरला घाबरणारा माणूस नव्हता तो.

तर गो-लाइव्हच्या, म्हणजे नवीन सिस्टिम चालू करायच्या, आधीच्या मीटिंगमध्ये अण्णा दोन गोष्टी बोलले. एक, एप्रिलच्या मध्यात हे करू नका, लग्नसराई आहे, पुढच्या आठवड्यात अक्षय तृतीया, दागिने सोडवायला रांग लागते. दुसरी, तारण दागिने ज्या पाकिटात ठेवतो त्याच्या नंबराचा जुन्या सॉफ्टवेअरला कॉलमच नाही म्हणून आम्ही तो वर्षानुवर्षं रिमार्कमध्ये टाकत आलोय, तो नवीन सिस्टिमला येणार का? व्हेंडरच्या मुलाने मॅपिंग शीट बघितली, म्हणजे जुना कुठला रकाना नवीन सिस्टिममध्ये कुठं जाणार त्याचा तक्ता, रिमार्क घ्यायचा नाही असं त्यात ठरलेलं. त्याने तेवढं सांगितलं आणि आमचे जनरल मॅनेजर साहेब म्हणाले, "अण्णा, तुम्हाला रिटायर व्हायचंय, बँकेला पुढं जायचंय." विषय संपला. मिनिट्समध्ये काय लिहिलं गेलं, तर 'काही कर्मचाऱ्यांकडून बदलास विरोध'. ती मॅपिंग शीट माझ्या हातात होती, अण्णा काय म्हणतायत ते मला कळत होतं आणि मी गप्प बसले. ते चुकलंच माझं.

शनिवारी डे एंड केला, रविवारी डेटा चढवला, रात्री दोनला तेरीज, म्हणजे सगळ्या शिलकांचा गोषवारा, जुळली. सगळ्या शाखा, सगळी खाती, पैशापर्यंत. पेढे वाटले. सोमवारी अकराच्या सुमारास एक बाई भावाला घेऊन पाटल्या आणि मंगळसूत्र सोडवायला आल्या, चार दिवसांवर मुलीचं लग्न. पैसे भरले, स्क्रीनवर कर्जखातं बंद झालं, पावती निघाली आणि पाकीट नंबराच्या जागी काहीच नाही. आत तिजोरीत शेकडो पाकिटं, ती लावलेली नंबराने, नावाने नाही. किल्ल्या दोघांकडे, म्हणजे दोन अधिकारी आत अडकले की बाहेर काउंटर बंद. दोन वाजेपर्यंत रांग जिन्यापर्यंत गेली. त्या बाई बाकावर बसून दर दहा मिनिटांनी एकच विचारत होत्या, "माझं सोनं हाय नव्हं?" पैसे भरून घेतलेत, सोनं आत आहे, आणि आमच्याकडे त्यांना दाखवायला काही नाही. आठवलं की अजून पोटात कालवतं.

साडेतीनला अण्णांनी ड्रॉवरमधून रजिस्टर काढलं. नवीन वर्षापासून हाताची रजिस्टरं बंद करायची असा आदेश होता, अण्णांनी ते एक चालू ठेवलेलं. नाव, तारीख, वजन, पाकीट नंबर. पाचला बाईंना दागिने मिळाले. बाकीच्या शाखांत अण्णा नव्हते, तिथे सराफाला बसवून एकेक पाकीट उघडून वजनावरून आणि आतल्या चिठ्ठीवरून जुळवलं, आठ दिवस गेले.

तेरीज जुळली कारण तेरजेत फक्त रुपये असतात हो. पाकीट नंबर, सह्यांचे नमुने, वारसाचं नाव, ठेवीवरचा लीन (कर्जापोटी ठेव अडकवल्याची नोंद), हे हरवलं तरी ताळा चुकत नाही. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं एप्रिल २०१८ मध्ये काय झालं बघा, डेटा नीट गेला होता आणि तरी सिस्टिम कोलमडली, जवळपास १९ लाख ग्राहकांना खातंच उघडेना, पुढे २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी ४.८६५ कोटी पौंड दंड केला. एवढी मोठी बँक, एवढा खर्च करून. म्हणजे डेटा गेला यावर खूश व्हायचं नाही, सोमवारी काउंटरवर माणूस उभा राहिला की त्याचं काम होतंय का ते आधी बघायचं.

आता तुमचं प्लॅनिंग. नऊ शाखांना नऊ महिन्यांपेक्षा कमी धरू नका, त्यातला निम्मा वेळ डेटा साफ करण्यात जाणार, केवायसी आणि डबल खाती. व्हेंडर तीन महिने म्हणेल, त्याला बिल लावायचं असतं. मॉक मायग्रेशन, म्हणजे डेटा चढवायची रंगीत तालीम, किमान तीन वेळा करा आणि तिसऱ्याला प्रत्येक टेबलावरच्या माणसाला त्याचं रोजचं काम नवीन सिस्टिमवर स्वतः करू द्या, ट्रेनरला नाही. १ एप्रिल अजिबात नको, स्टाफ क्लोजिंगमध्ये अडकलेला असतो. जुना सर्व्हर वर्षभर तरी फक्त बघण्यापुरता चालू ठेवा. मॅपिंग शीटवर 'घ्यायचा नाही' लिहिलेल्या प्रत्येक रकान्यापुढे तो वापरणाऱ्या क्लार्कची सही घ्या, मॅनेजरची नको, त्याला माहीत नसतं. रोजची बचत दारोदार गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटना विसरू नका, खातं नंबर बदलले की त्यांची मशीनं आधी अडतात आणि गावभर बातमी तेच नेतात.

आमच्या साहेबांचा पुढे प्रोजेक्ट यशस्वी केला म्हणून सत्कार झाला. अण्णांची रिटायरमेंटला दीड वर्ष असताना लांबच्या शाखेत बदली. त्याला विरोध म्हणायचं नव्हतं साहेब, ती टेस्टिंग होती, फुकटात मिळालेली. हे मी तेव्हा तोंडावर बोलायला हवं होतं.

हां, काही लोक खरंच मुद्दाम आडवे येतात, कुणाचा ओव्हरटाइम जातो, कुणाची जुनी भानगड उघडी पडणार असते. ओळखायला अवघड नाही, तो नुसतं 'हे चालणार नाही' म्हणतो, दुसरा तुम्हाला खातं नंबर सांगून दाखवतो. आणि मी हे डेटा आणि माणसांपुरतं सांगितलं, नेटवर्क नि सायबर सिक्युरिटीसाठी वेगळा माणूस धरा.

तुमच्या प्रश्नात आहे की कर्ज विभागातले दोघं प्रत्येक मीटिंगला 'फक्त अडचणी सांगतात'. त्या कुणी कागदावर उतरवल्यात का? नसतील तर सोमवारी त्यांच्या टेबलावर जाऊन बसा, त्यांना केबिनमध्ये बोलावू नका, आणि सोनेतारण असेल तर पाकीट नंबर कुठं लिहितात ते पहिलं विचारा.