संजीवन सभेला जावे का, आणि तेथे नेमके काय घडते?

आपण लिहिले आहे की, नागपुरातील एका सहकाऱ्याने आपल्याला त्याच्या चर्चमधील संजीवन सभेला, म्हणजे श्रद्धेला नवी उभारी देण्यासाठी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, बोलावले आहे. आपण ख्रिस्ती नाही, आणि तेथे लोक रडतात, मोठमोठ्याने प्रार्थना करतात असे ऐकल्यामुळे आपल्याला संकोच वाटतो. माझे मत असे की आपण अवश्य जावे.

हा संकोच मला परका नाही. मी ख्रिस्ती घरात वाढलो, पण नागपूरच्या सदर भागातल्या जुन्या चर्चच्या शिस्तीत. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले तेव्हापासूनची स्कॉटिश मिशनची परंपरा येथे आहे आणि १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाही याच शहरात झाली. अशा चर्चमधील उपासना ठरलेल्या क्रमाने, संथपणे चालते. त्यामुळे मावशीने मला पहिल्यांदा जरीपटक्याकडच्या एका लहान चर्चमध्ये संजीवन सभेला नेले, तेव्हा पहिला अर्धा तास मी अंग चोरूनच बसलो होतो.

मे महिन्याची संध्याकाळ होती. ढोलक, कीबोर्ड आणि खंजिरी यांच्या साथीने एकामागून एक गीते चालली होती, काही मराठी, बरीचशी हिंदी, आणि लोक उभे राहून टाळ्या देत होते. माझ्या शेजारच्या आजींनी गीतांची हाताने लिहिलेली वही दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. त्यांना सगळी गीते पाठ होती, तरी प्रत्येक गीताला त्या योग्य पान काढून वही माझ्यापुढे धरीत होत्या. प्रवचन सुरू होताच कोणीतरी उठून दोन्ही कूलर बंद केले, कारण त्यांच्या आवाजात पास्टरांचे शब्द ऐकू येत नव्हते, आणि त्या उकाड्यात तासभर कोणीही जागचे हलले नाही. ज्याला मी गोंधळ समजत होतो, त्याला स्वतःची शिस्त आहे हे मला तेव्हा उमगले.

सर्वांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे नवख्या माणसाला सर्वांत अवघड जाते. हा प्रकार अलीकडे परदेशातून आला असे पुष्कळांना वाटते, परंतु पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली अशाच रडत, एकत्र आणि उच्च स्वरात प्रार्थना करीत होत्या. काही जण न समजणाऱ्या शब्दांत बोलू लागतील; त्याला अन्यभाषा म्हणतात. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात अन्यभाषांत बोलण्याचा प्रसंग आहे, आणि ते ऐकणाऱ्यांपैकी काहींनी ‘हे नवा द्राक्षारस प्यायले आहेत’ असे म्हटल्याची नोंदही तेथेच आहे. आपल्याला जे वाटेल, ते वाटणारे आपण पहिले नाही.

मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले हे सर्वांसमोर सांगणे. त्या दिवशी घरोघरी धुणीभांडी करणारी एक बाई पुढे आली, माईक दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली आणि नवऱ्याची दारू सुटली तो महिना कसा गेला हे तिने सांगितले. ती मध्येच थांबली तेव्हा सारी सभा ‘हालेलूया’ म्हणून तिला धीर देत होती. इतक्या लोकांनी आपले बोलणे इतके मन लावून ऐकावे, असा प्रसंग तिच्या आयुष्यात आणखी कोठे येत असेल, हा प्रश्न मी आजही विसरलेलो नाही.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. आजारी लोकांसाठी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली जाते. ती करून घेण्यास हरकत नाही, पण त्यानंतर मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तसे केले आणि आठवड्याच्या आत त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. समंजस पाळक औषध चालू ठेवा असेच सांगतात, आणि तसे न सांगणाऱ्याचे ऐकू नये.

आपल्याला प्रार्थना करून घेण्यासाठी सभेत पुढे जायचे नसेल, तर सहकाऱ्याला आधीच तसे सांगून ठेवावे. अर्पणाची थैली समोर आली तर ती नमस्कार करून पुढे द्यावी; कोणी वाईट मानत नाही. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी, असेल तर बाप्तिस्मा न झालेल्यांनी जागेवरच बसून राहण्याची रीत आहे. सभा बहुधा ठरल्यापेक्षा लांबते, म्हणून परतीच्या वाहनाची सोय आधी करावी, आणि शेवटी चहा दिला जातो त्या वेळी थोडे थांबावे, कारण आपल्या मनातले प्रश्न तेथे मोकळेपणाने विचारता येतात.