स्पॅनिशमधला ‘फुई’ आणि मराठीतला ‘गेला’

प्रश्न: स्पॅनिश शिकतोय. भूतकाळातली अनियमित क्रियापदं काही केल्या अंगवळणी पडत नाहीत. ‘सेर’ (असणे) आणि ‘ईर’ (जाणे) या दोन्हींचा भूतकाळ ‘फुई’ कसा काय होतो? पाठांतराशिवाय दुसरा मार्ग आहे का?

आधी ‘फुई’कडे पाहू, कारण तो आपला लांबचा नातेवाईक आहे. लॅटिनमध्ये ‘मी होतो’ला ‘फुई’च म्हणत. त्याचं मूळ आणि संस्कृत ‘भू’ धातूचं मूळ एकच. ‘भवति’चं प्राकृतात ‘होइ’ झालं आणि त्यातून आपलं ‘होणे’, ‘होता’ आलं. म्हणजे ‘आहे’चा भूतकाळ सांगताना आपणही ‘असणे’ सोडून दुसऱ्याच धातूच्या दारात जातो, आणि योगायोगाने तोच धातू स्पॅनिशनेही धरला आहे.

मग ‘जाणे’मध्ये तो कसा शिरला? ‘तिथे होतो’ आणि ‘तिथे गेलो’ यांत अंतर फारसं नाही. ‘काल कुठे होतास?’ या प्रश्नात ‘कुठे गेला होतास?’ दडलेलंच असतं. ‘ईर’ हे क्रियापद तर तीन घरचं पाणी प्यायलेलं आहे: मूळ रूप एका लॅटिन धातूचं, वर्तमानकाळातलं ‘बोय’ (मी जातो) दुसऱ्याचं, भूतकाळ तिसऱ्याचा. वाक्यात गोंधळ मात्र होत नाही. ‘फुए मेदिको’ म्हणजे तो डॉक्टर होता. ‘फुए आल मेदिको’ म्हणजे तो डॉक्टरकडे गेला. सगळी करामत त्या ‘आल’ची.

आता उरलेली मंडळी. पुस्तकांतले रंगीत तक्ते मला कधीच उपयोगी पडले नाहीत; कानाने ऐकल्यावर पडले. नियमित क्रियापदाच्या भूतकाळात जोर शेवटावर येतो. ‘आब्लो’मध्ये ‘आ’वर जोर दिला तर ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. अनियमित गटात ‘मी’ आणि ‘तो’च्या रूपांत हा जोर मागे सरकून धातूवर येतो: तूबे (मला होतं, मिळालं), पूदे (मला जमलं), पूसे (मी ठेवलं), ईसे (मी केलं), बीने (मी आलो), दीहे (मी म्हणालो). म्हणून यांच्यावर लेखनात जोराची खूण नसते. शेवटाचे प्रत्ययही सगळ्यांना सारखेच: ‘मी’ला ए, ‘तो’ला ओ. तूबे-तूबो, पूसे-पूसो. एकदा धातू बदलला की पुढचं सगळं सरळ. एकच खाच आहे: ‘दीहे’, ‘त्राहे’ (मी आणलं) यांसारख्या ‘ह’वाल्यांना ‘ते’च्या रूपात ‘इएरोन’ न लागता नुसतं ‘एरोन’ लागतं, म्हणून ‘दिहेरोन’.

यमकाने गट लावा. ऊबे, तूबे, एस्तूबे, आन्दूबे. (लिहिताना कुठे बी, कुठे व्ही, उच्चार एकच.) हे यमक मी जुळवलेलं नाही, भाषेनेच जुळवलंय. ‘ऊबे’ लॅटिनच्या ‘हाबुई’वरून रीतसर आलं, ‘तूबे’चं लॅटिन रूप ‘तेनुई’ होतं, पण ते ‘ऊबे’च्या नादाने बदललं आणि बाकीचे दोघे त्याच वळणावर गेले. गंमत म्हणजे ‘आन्दार’चा (चालणे) भूतकाळ मातृभाषिकही पुष्कळदा नियमित करून ‘आन्दे’ म्हणतात. व्याकरणाच्या लेखी ती चूक.

आपल्याकडेही हेच आहे. गत, कृत, मृत यांना प्राकृतात ‘इल्ल’ लागून गेला, केला, मेला झाले. लहान मूल ‘मी करलं’ म्हणतं तेव्हा त्याला नियम बरोबर कळलेला असतो, फक्त ‘केलं’ रोज तोंडी असल्यामुळे जुनं रूप टिकून आहे, हे त्याला ठाऊक नसतं. स्पॅनिशमध्येही वाकडी रूपं मुख्यतः रोजच्या वापरातल्या क्रियापदांची आहेत. त्यामुळे यादी लांबलचक नाही, आणि जी आहे ती पदोपदी भेटते.

‘दी’ (मी दिलं) एकटाच आहे, पाठ करून टाका. ‘दुर्मिओ’ (तो झोपला) या जातीच्या क्रियापदांत फक्त तृतीयपुरुषी स्वर बदलतो. ती सवयीने येतात.

खरी मेख अर्थामध्ये आहे, आणि तिथे मराठी माणसाला फायदा मिळतो. ‘लो साबीआ’ म्हणजे मला ते माहीत होतं. ‘लो सूपे’ म्हणजे मला ते कळलं. क्रियापद एकच, ‘साबेर’, भूतकाळ दोन. आपण इथे शब्दच बदलतो. तसंच ‘नो केरीआ’ म्हणजे माझी इच्छा नव्हती, पण ‘नो कीसे’ म्हणजे बहुधा मी चक्क नकार दिला. तेव्हा ‘सूपे’ पाठ करताना त्यासमोर ‘माहीत होतं’ लिहू नका, ‘कळलं’ लिहा.